कपाटाची न दिसणारी कड

मैत्रिणींनो, आज हातातले काम जरा बाजूला ठेवा आणि ओट्याखालचे, सिंकजवळचे कपाट उघडा. दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर तुमचा सुतार भला माणूस! खरखरीत लागली, कुसे टोचले, तर पुढचे नीट वाचा.

आमच्याकडे नवा ओटा केला तेव्हा दारांना बाहेरून सनमायका लावला. “आतून कोण बघतंय? रंगाचे पैसे तरी वाचतील,” असे मीच म्हणाले, ह्यांनी नव्हे! दुसऱ्याच पावसाळ्यात दारे फुगली, लागेनात. खालची कड खारी बिस्किटासारखी पदर-पदर सुटली. शेवटी तीन दारे नवी करावी लागली आणि माझे भिशीचे पैसे त्यात गेले.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेला तक्ता. वरच्या बाजूपेक्षा कापलेल्या कडेतून पाणी फार लवकर शिरते. ‘एमआर’ शिक्क्याची फळी दमट हवा सोसते, साचलेले पाणी नव्हे. ‘आयएस ७१०’ शिक्क्याचा मरीन प्लाय ७२ तास उकळून तपासतात. पण त्यात टिकते ते चिकटवण. लाकूड पाणी पितेच. म्हणून महाग प्लाय घेतला तरी रंग चुकत नाही बरं का!

आणि रंग सहाही अंगांना हवा. एक बाजू बंद आणि दुसरी उघडी राहिली, की दार वाकते. दार बिजागरीतून काढूनच रंगवायला सांगा. आधी १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिशपेपर मारून धूळ पुसावी. कडांना लांबी भरून वुड प्रायमर द्यावा. कड तो पिऊन टाकते, तेव्हा तिथे आणखी एक हात. वर ऑइलपेंटचे दोन हात. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. रंगारी घाई करतात, आपण करू नये.

लाकडाचे रेषे दिसायला हवे असतील तर पीयू पॉलिश घ्या. त्यात हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच मिसळतात, आणि लागेल तेवढेच, नाहीतर उरलेले डब्यातच घट्ट होऊन बसते. फ्रेंच पॉलिश दिसते देखणे, पण ते लाखेचे; पाणी सांडले की पांढरे डाग पडतात. ते दिवाणखान्यात शोभते, सिंकखाली नको.

हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढावे. ओल्या फळीला रंग दिला तर ओल आतच कोंडते. काम चालू असताना खिडक्या उघड्या आणि गॅस बंद, हे विसरू नका. त्या दिवशी शेजारणीकडे स्वयंपाक!

रंग पक्का झाल्यावर कडेवर पाण्याचे दोन थेंब टाकून पाहा. दहा मिनिटांत पुसल्यावर तिथे काळसर दिसले, तर आणखी एक हात हवा.

थोडा रंग बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवा. पुढे नळवाला पाइपासाठी भोक पाडून जाईल, ती नवी कडच असते. तो गेल्याबरोबर तिथे कुंचला फिरवा.