बेटांचे घड्याळ आणि तीन पिढ्यांची सहल

आजी-आजोबा, मुलगा-सून किंवा लेक-जावई आणि चार-पाच वर्षांचे नातवंड अशी तीन पिढ्यांची मंडळी अंदमानला निघते, तेव्हा तिथला कार्यक्रम घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत थोरल्या माणसाला समोर ठेवून आखला पाहिजे. ही गोष्ट उघड वाटते, पण प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. पूर्वी तीन पिढ्या एका छपराखाली महिनाभर राहण्याची सोय मे महिन्यात आजोळी व्हायची. आता अनेक घरांत आजोळ म्हणजे ठाण्या-पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, लेक बंगळुरूला किंवा दुबईला, आणि नातवंडाची भेट बहुतेकदा मोबाइलच्या पडद्यावर. आजोळाचे काम सहलीकडे आले आहे. त्यात अंदमानला मराठी घरांची पसंती असण्याची कारणेही भक्कम आहेत. पासपोर्ट लागत नाही, हिंदीवर भागते, सावरकरांमुळे त्या भूमीशी जुने भावनिक नाते आहे, आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मूळ गावच्या प्रवाससवलतीऐवजी तिथे विमानाने जाण्याची मुभा वर्षानुवर्षे मिळत आली आहे. त्या सवलतीच्या नियमांत अवलंबून असलेले आई-वडीलही कुटुंबात धरले जातात. म्हणजे सरकारी कागदावर कुटुंब तीन पिढ्यांचे आहे. सहलीचा कार्यक्रम मात्र अजून फक्त मधल्या पिढीचा आहे.

पाच रात्री आणि सहा दिवसांचा नेहमीचा कार्यक्रम घेऊन हिशेब मांडून पाहावा. पहिला आणि शेवटचा दिवस विमानप्रवासाचा. महाराष्ट्रातून जाताना बहुतेकदा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलावे लागते, त्यामुळे पहाटे घर सोडलेली मंडळी दुपारी पोहोचतात तेव्हाच थकलेली असतात. उरले चार दिवस. बेटांची राजधानी श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, तिथून स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, मग शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील, आणि परत राजधानी असे तीन बोटप्रवास त्यात बसवलेले असतात. वेगवान खासगी बोटीने हॅवलॉकला साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीने त्याहून जास्त. पण प्रवास बोटीतल्या तासांपुरता नसतो. बॅगा भरणे, खोली सोडणे, वेळेआधी धक्क्यावर हजर राहणे, तपासणीची रांग, उतरल्यावर गाडीची वाट पाहणे आणि नवी खोली मिळेपर्यंत ताटकळणे, या सगळ्यात प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो. तीन अर्धे दिवस असे गेले आणि एक पूर्ण दिवस बाराटांगच्या गुहांना दिला, की हातात दीड दिवस उरतो. त्यातून लहान मुलाची दुपारची झोप आणि आजोबांची विश्रांती वजा केली, तर सगळे मिळून समुद्रकाठी बसण्याचे तास बोटांवर मोजता येतील. ज्या एकत्र वेळेसाठी एवढा खर्च केला, तोच या कार्यक्रमात सर्वांत कमी मिळतो.

याउलट त्या बेटांचा स्वभाव पाहिला, तर तो लहानांच्या आणि ज्येष्ठांच्या बाजूचा आहे. अंदमान मुंबईच्या सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने तिथला सूर्य मुंबईच्या सुमारे ऐंशी मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, भारतीय प्रमाणवेळेचे. म्हणून डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. भर दुपारी उष्ण कटिबंधातले ऊन वाळूत उभे राहू देत नाही. अशा ठिकाणी दिवसाची नैसर्गिक विभागणी सरळ आहे: सकाळी सहा ते नऊ समुद्र, मग जेवण आणि झोप, आणि तीनपासून मावळतीपर्यंत पुन्हा समुद्र. पहाटे जाग येणारे आजोबा आणि उजाडताच उठून बसणारे नातवंड या वेळापत्रकात सहज बसतात. नऊला नाश्ता, दहाला गाडी, दुपारी बारा-एकला किनारा आणि रात्री उशिरा जेवण ही चाल शहरातल्या नोकरदाराची आहे, आणि बेटांवर तीच सर्वांत गैरसोयीची ठरते. सकाळच्या वेळी शहीद द्वीपावरच्या भरतपूर किनाऱ्याच्या उथळ पाण्यात चार वर्षांचे मूल आणि सत्तरीची आजी दोघेही सारख्याच निर्धास्तपणे बसू शकतात. स्वराज द्वीपावरचा राधानगरचा रुंद किनारा दुपार कलल्यावर तसाच मोकळा मिळतो.

ऋतूच्या बाबतीतही लहान मूल सोबत असणे ही अडचण नसून संधी आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. अंदमानला नैऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस मिळतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात मान्सून देशात सर्वांत आधी तिथे पोहोचतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ असतो. आपल्या शाळांच्या उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्ट्या नेमक्या याच कडेच्या दिवसांत येतात. त्या वेळी समुद्र खवळलेला असेल तर बोटी रद्द होतात, आणि चालल्या तरी उलट्यांनी बेजार झालेले मूल व रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजोबा यांना तो प्रवास सोसत नाही. समुद्र शांत असतो तो जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास. ज्यांचे मूल अजून पहिलीत गेलेले नाही आणि ज्यांचे आई-वडील निवृत्त आहेत, त्या कुटुंबाला शाळेच्या सुट्टीचे बंधन नसते. घरात फक्त मधल्या पिढीची रजा मंजूर व्हायची असते. तरीही सवयीने आपण मे आणि दिवाळीच धरतो, महाग तिकिटे घेतो आणि गर्दीत जातो. मूल शाळेत जायला लागले की ही मोकळीक संपते, म्हणून ती वापरण्याची वर्षे हीच आहेत.

बाराटांगचा दिवस तीन पिढ्यांच्या कार्यक्रमातून सरळ काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राजधानीपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या या ठिकाणी चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी आहे. तिथे जायचे तर पहाटे तीन-चारला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्याची वाट पाहावी लागते, पुढे गाडी, मग खाडी ओलांडणे, मग छोटी बोट, मग पायी चालणे, आणि तोच क्रम उलटा. झोपमोड झालेल्या लहानग्याला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला यात काय मिळते, हा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न रस्त्याचा आहे. तो जारवा या आदिम जमातीच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबायला, छायाचित्र काढायला, खाऊ द्यायला बंदी आहे, आणि तिला कारण आहे. बाहेरच्या जगाशी संपर्क वाढल्यानंतर १९९९ मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ आली होती. काही शे लोकांच्या समाजाला अशी एक साथही भारी पडू शकते. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भागातून जाणारा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहतूक चालूच राहिली. बेटांवर राहणाऱ्यांची गरज हा वेगळा विषय आहे, पण पर्यटकाची गरज त्या तोडीची नाही. काचेबाहेर माणसे दिसतील म्हणून डोळे लावून बसलेल्या गाडीत आपण आपल्या नातवंडाला कोणता संस्कार देतो, याचा विचार आजी-आजोबांनीच आधी करावा.

वाचलेला तो दिवस सेल्युलर जेलला दिला, तर सहलीचे सोने होईल. आज ते ठिकाण दुपारी तासाभरात उरकून संध्याकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला बसवण्यापुरते उरले आहे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आता तीनच शिल्लक आहेत. बाबाराव आणि विनायकराव हे सावरकर बंधू इथे होते. विनायकराव १९११ मध्ये इथे आले आणि १९२१ मध्ये दोघांना मुख्य भूमीवर आणले गेले. बारींद्र घोष, उल्लासकर दत्त, गदर चळवळीतले सोहनसिंग भकना, भगतसिंगांचे सहकारी बटुकेश्वर दत्त हेही इथले बंदी. नावांच्या पाट्यांवर बंगाल आणि पंजाबमधल्या माणसांची संख्या पाहिली, की आपल्या घरात सांगितल्या जाणाऱ्या इतिहासापेक्षा ही गोष्ट किती मोठी होती ते कळते. ज्या आजी-आजोबांनी तरुणपणी सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ वाचले, त्यांना वरच्या मजल्यावरच्या कोठडीपर्यंत जिने चढायला वेळ लागेल, आणि तो वेळ त्यांना मिळाला पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाला कोलू, फटके आणि फाशीघर सांगण्याची गरज नाही. ‘इथे माणसांना एकेकटे ठेवत, शेजारच्याशी बोलूही देत नसत’ एवढे त्याला समजते, आणि ते आजोबांच्या तोंडून ऐकणे ध्वनिक्षेपकावरून ऐकण्यापेक्षा कितीतरी चांगले.

समुद्रकाठी सुरक्षिततेचा विचार मात्र भाबडेपणाने करून चालत नाही. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटून वीसहून अधिक जणांचा बळी गेला. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हाही जीवरक्षक जॅकेटांचा प्रश्न ऐरणीवर आला. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून पाण्यात निसटते. म्हणून मुलाच्या मापाचे जॅकेट नसेल तर त्या बोटीत बसायचे नाही, हा नियम घरानेच करावा. अंदमानच्या काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा वावर आहे. तिथले सूचनाफलक शोभेचे नाहीत. गंभीर आजारी माणसाला छोट्या बेटांवरून राजधानीतल्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात हलवावे लागते, आणि त्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो. मधुमेह, हृदयविकार, दमा असलेल्या ज्येष्ठांनी पुरेशी औषधे हातातल्या पिशवीत ठेवणे आणि राजधानीतच जास्त रात्री काढणे यामुळेच शहाणपणाचे ठरते.

या मांडणीवर पहिला आक्षेप पैशाचा येतो. पाच माणसांचे विमानभाडे भरून एवढ्या लांब गेल्यावर सगळे पाहून घ्यायला नको का? खर्च मोठा आहे, हे मान्य. पण त्यातला सर्वांत मोठा वाटा विमानाचा आणि तो एक बेट पाहा वा तीन, तितकाच राहतो. एक बेट कमी केले तर पाच जणांचे बोटभाडे, गाड्या आणि खोल्यांची अदलाबदल तेवढी वाचते, आणि त्याच पैशात एक रात्र वाढवता येते. दुसरा आक्षेप असा की एवढ्या लहान मुलाला काही आठवणारच नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीच्या आठवणी मोठेपणी बहुतेकांना राहत नाहीत, हे खरे आहे. पण आठवणे हीच कसोटी लावली, तर त्या वयात मुलाला गोष्ट सांगणे आणि मांडीवर घेणेही व्यर्थ ठरेल. मुलाचा लाभ त्या दिवसापुरता आणि त्या नात्यापुरता असतो, आणि आठवण ठेवण्याचे काम आजी-आजोबा करतात. तिसरा आक्षेप ज्येष्ठांकडूनच येतो: आम्हाला दुबळे समजू नका. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्यांना काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहायचे आहेत त्यांनी पाहावेत, ज्यांना राजधानीजवळच्या, पूर्वी रॉस म्हणवणाऱ्या बेटावरचे अवशेष पायी फिरायचे आहेत त्यांनी फिरावे. माझे म्हणणे त्यांच्याकडून कार्यक्रम काढून घेण्याचे नसून त्यांना तो ठरवू देण्याचे आहे.

त्यातूनच एक अप्रिय विषय पुढे येतो. अनेक घरांत आई-वडिलांना सहलीला नेण्यामागे मूल सांभाळायला हक्काचे माणूस हवे, हाही हेतू असतो. तरुण जोडपे स्कूबाला जाते, आणि आजी धक्क्यावर बॅगा व नातवंड घेऊन बसते. एखाद्या सकाळी तसे झाले तर बिघडत नाही. रोज तसे झाले, तर आजीची सहल झालीच नाही. हाच न्याय सुनेलाही लागू आहे. मुलाचे दूध, सासऱ्यांचे पथ्य, सगळ्यांचे कपडे आणि औषधांच्या वेळा तिच्याच डोक्यात राहणार असतील, तर घरकाम समुद्रकाठी हलवण्यापलीकडे काही घडत नाही. निघण्याआधीच कोणत्या सकाळी मूल कोणाकडे, कोणत्या दुपारी कोणाला एकटे सोडायचे, याची वाटणी पुरुषांसह सगळ्यांनी बसून करावी. एकत्र जाणे म्हणजे चोवीस तास एकमेकांच्या अंगावर राहणे नव्हे.

महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांनी मराठी ज्येष्ठांना प्रवासाचा आत्मविश्वास दिला. ओळखीचे जेवण, सोबत माणूस आणि बोलायला मराठी सोबती, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. आता त्यांनी तीन पिढ्यांसाठी वेगळा कार्यक्रम आखावा: राजधानी आणि एकच बेट, सकाळ-संध्याकाळ किनारा, मोकळी दुपार, बाराटांग वगळलेले, आणि मुलांच्या मापाची जॅकेटे असलेल्या बोटी. अंदमान प्रशासनाने धक्क्यांवर चाकाच्या खुर्च्या, सावली, स्वच्छ स्वच्छतागृहे आणि जेलमध्ये जिना न चढता कोठडी समजेल अशी व्यवस्था करावी. आणि कुटुंबांनी जाहिरातीतल्या ठिकाणांची संख्या मोजणे थांबवावे. पुढच्या सहलीचा कागद पसरण्याआधी घरातल्या थोरल्यांना विचारा की त्यांना दिवसाला किती चालवते आणि काय पाहायचे आहे. मुलाची झोपेची वेळ त्याच्या शेजारी लिहा. आणि उरलेल्या जागेत बाकीचे सगळे बसवा. यात एखादे बेट पाहायचे राहून गेले तरी चालेल.