संत्र्याचा गार पेला



पास्काचा सण आटोपला की आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात उन्हाळा आपले खरे स्वरूप प्रकट करू लागतो. जाम नदीचे पात्र आटते, दुपारच्या वेळी गल्लीत चिटपाखरूही दिसत नाही, आणि शाळांना सुट्या लागलेल्या असल्यामुळे घरोघरी दिवसातून दहा वेळा एकच मागणी ऐकू येते : "आई, काहीतरी गार दे ना!" या मागणीविषयीच आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

फळांचा रस गोठवून केलेली पेये आता खेड्यांतही पोहोचली आहेत. शहरात त्यांना 'कॉकटेल' असे भारदस्त नाव देतात. नाव काहीही असो, वस्तू साधी आहे : फळ, साखर, पाणी आणि बर्फ. धर्मगुरूने स्वयंपाकघरात डोकावण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेच की पवित्र शास्त्राने हा विषय क्षुद्र मानलेला नाही. नीतिसूत्रांचा कर्ता विश्वासू निरोप्याला कापणीच्या दिवसांतील बर्फाच्या गारव्याची उपमा देतो. धगधगत्या भट्टीतील तीन तरुण आपल्या स्तोत्रात हिमाला आणि गारठ्यालाही देवाची स्तुती करावयास सांगतात. आणि आपल्या प्रभूने तर लहानांपैकी एकाला दिलेल्या थंड पाण्याच्या पेल्याचेही प्रतिफळ बुडणार नाही, असे अभिवचन दिले आहे. गारवा ही देवाची देणगी आहे. ती कशी करावी आणि कोणाला द्यावी, हे दोन्ही प्रश्न ख्रिस्ती कुटुंबाचे आहेत.

प्रथम आपल्या संत्र्याकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ तिकडे गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नकाशावरील रेषा अशा बदलत गेल्या. परंतु घरातील मराठी आणि बागेतील नागपुरी संत्रे यांनी त्या रेषा कधी मानल्या नाहीत. या संत्र्याचे दोन बहार आपणास ठाऊकच आहेत. आंब्या बहाराचे फळ हिवाळ्याच्या तोंडी उतरते आणि मृग बहाराचे फळ फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत. म्हणजे ज्या मे महिन्यात जिवाची काहिली होते, नेमक्या त्याच महिन्यात बागेत खाण्याजोगे फळ बहुधा उरत नाही. यास्तव ज्या घरी शीतपेटी आहे, त्या घरच्या गृहिणीने मृगाचा शेवटचा माल असतानाच थोडा रस गोठवून ठेवावा. व्यापाऱ्याने बाजूला काढलेले बारीक किंवा डागी फळ पुष्कळदा आतून निर्दोष असते. बाजारात ज्याला भाव नाही, त्याला घरात मान द्यावा. मात्र सडलेले किंवा बुरशी धरलेले फळ कदापि घेऊ नये.

येथे एक अडचण आहे, आणि ती पुष्कळ माउल्यांना चकवते. संत्र्याचा रस काढला तेव्हा अमृतासारखा गोड असतो. पण तोच काही तासांनी किंवा उकळल्यावर कडू लागतो. घरातील मंडळी भांड्याला दोष देतात. वस्तुतः दोष भांड्याचा नसतो. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पांढऱ्या पडद्यांत एक द्रव्य असते. ते मुळात कडू नसते, परंतु रसातील आंबटपणाशी त्याचा संबंध आला की हळूहळू त्याचे कडू द्रव्यात रूपांतर होते. शास्त्रज्ञ त्या कडू द्रव्यास लिमोनिन म्हणतात. म्हणून नियम असा : फोडी सोलून घ्याव्यात, बिया एकूणएक काढाव्यात, पांढरे धागे आणि पडदे होतील तितके दूर करावेत, आणि मगच गर हलक्या हाताने कुस्करून गाळावा. बियांसकट यंत्रात फिरवण्याची घाई करू नये. रस काढल्याबरोबर प्यावा किंवा लगेच गोठवावा. थंडीने ही क्रिया मंदावते, पण आधी चिरडलेल्या बीचा कडूपणा थंडी धुऊन काढू शकत नाही.

आता कृती सांगतो. मध्यम आकाराच्या बारा संत्र्यांचा सुमारे तीन पेले रस निघतो. त्यात एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि चार-पाच चमचे साखर विरघळवावी. जीभ थंड झाली की गोडी कमी जाणवते, म्हणून गोठवावयाचा रस नेहमीपेक्षा किंचित अधिक गोड असावा. परंतु साखरेचा अतिरेकही नको. मिठाप्रमाणेच साखरही पाण्याला गोठू देत नाही, आणि फार साखर घातलेला रस पातळच राहतो. उलट साखर अगदीच नसेल तर त्याचा दगड बनतो. हा रस पसरट स्टीलच्या डब्यात ओतून शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. कडा गोठू लागल्या की दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडून मध्यभागी आणाव्यात. तीन-चार वेळा असे केले म्हणजे दाणेदार, भुसभुशीत बर्फ तयार होतो. तो पेल्यात भरावा, वर पुदिन्याचे पान ठेवावे आणि चमच्याने खावा. मे महिन्यासाठी ठेवावयाचा असल्यास रस साखर न घालता लहान डब्यांत, वर बोटभर जागा सोडून गोठवावा. कारण पाणी गोठताना फुगते आणि काठोकाठ भरलेले झाकण उचलून टाकते.

संत्रे नसेल तेव्हा कैरी आहे. चार कैऱ्या उकडून त्यांचा गर काढावा. एक वाटी गराला दीड वाटी गूळ, वेलचीची पूड आणि चवीपुरते मीठ घालून तो एकजीव करावा. हा झाला पन्ह्याचा अर्क. एक भाग अर्कास तीन भाग पाणी घालून वरीलप्रमाणेच गोठवावे आणि खरवडावे. टरबुजाच्या बिया काढून, गर कुस्करून, त्यात लिंबू पिळले तर त्याला साखरेची गरज जवळजवळ लागतच नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र फळाचा रस हीदेखील साखरच आहे हे लक्षात ठेवून आपल्या डॉक्टरांचा सल्ला पाळावा.

ज्यांच्या घरी शीतपेटी नाही, किंवा जेथे वीज लपंडाव खेळते, त्यांनी निराश होऊ नये. जुना आइस्क्रीमचा पॉट अजून काही घरांत माळ्यावर पडलेला असेल. बाहेरच्या बादलीत तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग जाडे मीठ असे थर द्यावेत, आतल्या डब्यात रस घालावा आणि दांडा फिरवावा. मीठ मिसळले म्हणजे बर्फ शून्य अंशाखालीही वितळू लागतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या रसातून ओढून घेतो. या मिश्रणाचा थंडावा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास पोहोचू शकतो. आपला मातीचा माठही अशाच तत्त्वावर चालतो : पाझरणारे पाणी हवेत उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जाते. देवाने निसर्गात घातलेले हे नियम राजाच्या आणि मजुराच्या घरी सारखेच काम करतात.

आता बर्फाविषयी एक गंभीर गोष्ट. पाणी गोठले म्हणजे शुद्ध झाले, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. विषमज्वराचे आणि हगवणीचे जंतू बर्फात मरतातच असे नाही. ते निजून राहतात आणि मुलाच्या पोटात जागे होतात. बर्फाच्या मोठ्या लाद्या पुष्कळदा मासळी व दूध थंड ठेवण्यासाठी केलेल्या असतात. त्या पिण्याच्या पाण्याच्या असतील याचा भरवसा नसतो. याच कारणास्तव महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली खाण्याजोगा नसलेला बर्फ निळ्या रंगाचा असावा असा नियम लागू केला. आपण सीमेच्या अलीकडे असलो तरी बोध तोच घ्यावा. पॉटाच्या बाहेरच्या बाजूस कोणताही बर्फ चालेल. पेल्यात मात्र घरी उकळून, गार करून, स्वच्छ भांड्यात गोठवलेल्या पाण्याचाच बर्फ पडावा. आणि ज्याला ऊन लागून जुलाब-उलट्या होत आहेत, त्याला सरबताच्या भरवशावर ठेवू नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येक घरी पाठ असावे. रोगी बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही न घालता, अंग ओल्या कापडाने गार करीत त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

एका अवघड विषयालाही स्पर्श करणे माझे कर्तव्य आहे. 'कॉकटेल' या शब्दाबरोबर दारूही घरात शिरू पाहते. उन्हाळा हा लग्नसराईचा काळ. फळांच्या रसात गुपचूप मद्य मिसळून ते तरुणांना, कधी तर न सांगता पाहुण्यांनाही पाजण्यात काहींना मौज वाटते. कुणी म्हणेल, फादर, काना गावच्या लग्नात प्रभूने स्वतःच द्राक्षारस पुरवला ना? होय, पुरवला. ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला कधीच पाप म्हटलेले नाही. आपण तो वेदीवर अर्पण करतो. परंतु कानाच्या प्रभूने एका घराची लाज राखली; आपली दारू पुष्कळ घरांची लाज घालवते. हा भेद ज्याला दिसतो, त्याला अधिक सांगणे न लगे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथात संयमाच्या सद्गुणाविषयी लिहिताना मद्याचा अतिरेक टाळण्यास सांगितले आहे, आणि नशेत वाहन चालवून स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध मानला आहे. त्यातही गोठवलेल्या गोड पेयाचा धोका विशेष आहे. थंडी आणि साखर मद्याची चव झाकून टाकतात; किती प्यालो हे पिणाऱ्यास कळतच नाही. शिवाय मद्य शरीरातील पाणी बाहेर घालवते, म्हणजे तहान भागवण्यासाठी प्यालेला पेला तहान वाढवतो. गावठी भट्टीच्या दारूत तर दृष्टी आणि प्राण हिरावून घेणारे विषही असू शकते. म्हणून ज्या मांडवात मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध बसतात, त्या मांडवातील पेला निखळ फळाचाच असावा. आणि पाहुण्यास न सांगता मद्य पाजणे हा विनोद नव्हे. तो विश्वासघात आहे.

शेवटी बर्फाच्या इतिहासातील दोन प्रसंग सांगतो. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज तेथील तळ्यांचा बर्फ घेऊन कलकत्त्यास आले. चार महिन्यांच्या प्रवासात बराच बर्फ वितळला. जो उरला, तो साहेबांच्या आणि धनिकांच्या मेजावर गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी अमेरिकेतीलच फ्लोरिडा प्रांतात जॉन गॉरी नावाचे एक डॉक्टर तापाने फणफणणाऱ्या रोग्यांच्या खोल्या थंड कशा ठेवाव्यात याचा विचार करीत होते. त्या चिंतनातून त्यांनी बर्फ तयार करणारे यंत्र रचले आणि १८५१ साली त्याचे पेटंट मिळवले. त्यांना त्यातून धन मिळाले नाही; १८५५ साली ते विपन्नावस्थेतच निवर्तले. पहिला बर्फ श्रीमंताच्या पेल्यासाठी समुद्र ओलांडून आला. दुसरा रोग्याच्या उशाशी जन्मला. आपल्या घरातील बर्फ या दोहोंपैकी कोणत्या वंशाचा, हे आपण ठरवावयाचे आहे.

त्याची कसोटी सोपी आहे. संत्र्याच्या तोडणीस आलेली बाई डोक्यावर टोपली घेऊन आपल्या अंगणात उभी राहते, तेव्हा तिला पाणी कोणत्या भांड्यातून मिळते? बागेला पाणी देणारा सालगडी, टपाल आणणारा पोस्टमन, खाटेवर पडलेली शेजारची म्हातारी माय, यांच्यापर्यंत आपला गार पेला पोहोचतो काय? घरच्या मुलांना काचेच्या पेल्यात संत्र्याचा बर्फ आणि मजुराला ओंजळीत हंड्यातले कोमट पाणी, असा भेद ज्या घरी होतो, त्या घरी पाककृती उत्तम असली तरी पाहुणचार अपुरा आहे. तोडणीच्या श्रमात जिचा घाम गळला, तिला त्याच फळाच्या रसाचा एक घोट मिळू नये, ही गोष्ट प्रभूच्या दृष्टीआड राहत नाही.

यास्तव माता-भगिनींना माझी सूचना अशी की या मे महिन्यात, पवित्र मातेच्या महिन्यात, घरी जेव्हा जेव्हा रस गोठवाल तेव्हा एक डबा अधिक भरावा. तो कोणासाठी, हे आधी ठरवू नये. दुपारी दारात जो येईल त्याच्यासाठी. तो डबा त्याच्या हाती देण्याचे काम मुलांना सांगावे. पुस्तकातील धर्मपाठ मुले विसरतील. पण उन्हाने तापलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्या घोटानंतर उमटलेले समाधान ती जन्मभर विसरणार नाहीत.

प्रभू आपल्या घरादारांचे, बागांचे आणि विहिरींचे रक्षण करो.

आपला,
धर्मगुरू