आधी ‘आप’, मग ‘मैं’

हिंदीची प्राथमिक पुस्तके वर्तमानकाळाचा आरंभ बहुधा ‘मैं जाता हूँ’ या वाक्याने करतात. मराठी भाषकास हे रूप जड जात नाही. ‘जातो’ या एका शब्दाचे ‘जाता’ आणि ‘हूँ’ असे दोन शब्द होतात, इतकेच. खरी अडचण पुढे येते.

लखनौ शहरात रायबरेली मार्गावर तेलीबाग ही वस्ती आहे. तेथे नव्याने राहावयास गेलेला मराठी माणूस वडीलधाऱ्या शेजाऱ्यास सहज विचारील, ‘तुम कहाँ रहते हो?’ त्याच्या मनात आदरार्थी ‘तुम्ही’ असते. परंतु हिंदीतील ‘तुम’ बरोबरीच्या वा लहान व्यक्तीसाठी योजतात. लखनौ तर अदबीसाठी प्रसिद्ध. तेथे मुलांनाही ‘आप’ म्हणणारी घरे आहेत. वाक्य व्याकरणशुद्ध, तरी ऐकणारा दुखावतो!

शिवाय ‘तुम्ही जाता’ हे मराठीत स्त्री-पुरुष दोघांनाही चालते. हिंदीत मात्र ‘आप जाते हैं’ आणि ‘आप जाती हैं’ असा भेद करावाच लागतो.

म्हणून प्रौढ विद्यार्थ्याने क्रियापदांचा सराव ‘आप’पासून सुरू करावा. परप्रांतात पोटापाण्यासाठी गेलेल्यास पहिल्याच दिवशी विचारावे लागते : ‘आप कहाँ रहते हैं?’, ‘आप क्या काम करती हैं?’