गाय उलटली, की दोष कांडीलाच?

भरवलेली गाय एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली की गोठ्यात एकच बोलणं ऐकू येतं: "कांडी खराब होती." नाहीतर "डॉक्टरचा हात बरोबर नाही." कधी कधी ते खरंही असतं. कांडी कोमट पाण्यात न वितळवता नुसती तळहातावर चोळली, तर रेताची ताकद जाणारच. पण दर वेळी कांडीवर खापर फोडून पशुपालक स्वतःचंच नुकसान करून घेतो. निम्मं काम गाईच्या पिशवीचं असतं, आणि तिकडे कोणी बघतच नाही.

साध्या गोठीत रेताच्या एका कांडीत सुमारे 2 कोटी शुक्रजंतू असतात. त्यातले बहुतेक सोटाबरोबर बाहेर पडतात, नाहीतर पिशवीतल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात. गर्भनलिकेपर्यंत पोचतात ते जेमतेम काही हजार. पोचले म्हणून लगेच फळ धरत नाही. मादीच्या स्रावात काही तास राहिल्यावरच त्यांना बीजात शिरायची ताकद येते. ऑस्टिन आणि चँग या शास्त्रज्ञांनी 1951 साली, एकमेकांपासून वेगळं काम करून, ही गोष्ट दाखवून दिली. गाईत हे जंतू नलिकेच्या अरुंद भागात अस्तराला चिकटून दम धरतात आणि बीज सुटायच्या सुमारास मोकळे होऊन पुढे जातात. म्हणजे पिशवी हे नुसतं भांडं नव्हे, तिथे जंतूंची निवड होते आणि तयारीही.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. माज संपल्यावर साधारण 10 ते 14 तासांनी बीज सुटतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सोटही निरखून बघा. तो काचेसारखा स्वच्छ आणि तार धरणारा हवा. त्यात पुवाचे कण असतील तर पिशवीला सूज आहे. तिथे कितीही भारी वळूचं रेत सोडा, ते वाया जाणार. विताना जार अडकली आणि घरच्या घरी ओढून काढली, तर हे दुखणं हमखास मागे लागतं.

आता कालवडीच व्हाव्यात म्हणून लिंगनिश्चित रेत आलं आहे. त्या कांडीत जंतू फारच कमी, साधारण 20 लाख, आणि त्यांचा टिकावही कमी. तिथे चुकीला वावच नाही. अशी कांडी निरोगी कालवडीला, डॉक्टर सांगतील त्याच वेळी वापरावी. सतत उलटणाऱ्या गाईवर ती वापरणं म्हणजे पैसे पाण्यात.

आमचं म्हणणं एवढंच आहे. तीनदा उलटलेल्या गाईला, तिची पिशवी तपासल्याशिवाय चौथी कांडी भरू नये. माज, रेतन आणि सोटाचा रंग यांची नोंद गोठ्यात वहीवर असावी. ग्रामपंचायत आणि दूध संस्थेने मिळून वंध्यत्व तपासणीचं शिबिर नेमाने भरवावं, नुसतं फोटोपुरतं नको. आणि दवाखान्याच्या कामाचा हिशेब किती कांड्या भरल्या यावर न मांडता किती गाई गाभण राहिल्या यावर मांडावा. गाय एकदा उलटली की एकवीस दिवसांचा चारा आणि खुराक फुकट जातो. तो भुर्दंड शेवटी पशुपालकाच्याच माथी येतो.