दुर्बल हृदयास चालण्याची मात्रा

हृदय दुबळे झाले की रोग्याने खाट सोडू नये, ही समजूत अद्याप घरोघर आहे. ती आता टाकून दिली पाहिजे. अमेरिका, कॅनडा व फ्रान्स येथील २३३१ रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू व रुग्णालयवास यांतील घट अल्पच होती, हे लपवू नये. परंतु प्रकृती स्थिर असलेल्यांस व्यायाम निर्धोक ठरला व त्यांचे दैनंदिन जीवन थोडे सुसह्य झाले. लाभाचा मोठा भाग पायांच्या स्नायूंत असतो. ते प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात.

चेन्नईत गिंडी येथे २०२३ साली कलैग्नर शताब्दी रुग्णालय उघडले. अशा सरकारी रुग्णालयात दूरवरून येणाऱ्या मजुराने व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा यावे म्हटले, तर बसभाडे जाते ते जातेच, रोजही बुडतो. म्हणून माझे मत असे, की प्रारंभीचे काही दिवस रुग्णालयाने त्यास देखरेखीखाली चालवावे आणि मग गोळ्यांच्या चिठ्ठीवरच रोज किती मिनिटे चालावे ते त्याच्या भाषेत लिहून द्यावे. चालताना बोलता यावे, इतकाच वेग. पायांवर सूज चढली, वजन दोन-तीन दिवसांत एकदम वाढले किंवा निजल्यावर श्वास कोंडला, तर चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, हेही त्याच चिठ्ठीवर असावे.