बुढापाऱ्यातला नरेंद्र

चौदा वर्षांचा नरेंद्र दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ मध्ये रायपूरला आला आणि १८७९ मध्ये कलकत्त्याला परतला. एवढ्या वास्तव्यावरून रायपूरला विवेकानंदांची 'आध्यात्मिक जन्मभूमी' म्हटले जाते. आधार एका प्रसंगाचा. नागपूरपुढे तेव्हा रेल्वे नव्हती. पंधरवड्याहून अधिक चाललेल्या बैलगाडीच्या प्रवासात, विंध्याच्या रानात मुलाचे भान हरपले. भाविक बाळाचे चरित्र रचणाऱ्यांना एवढे पुरते. मूल जन्मतःच सिद्ध ठरते आणि पुढच्या आयुष्याला काही मिळवण्याचे उरतच नाही.

प्रसंग खोटा नव्हे. रामकृष्णांचे शिष्य स्वामी सारदानंद यांनी तो नरेंद्राच्याच कथनावरून 'लीलाप्रसंग' या रामकृष्णचरित्रात नोंदवला आहे. पण तो नीट वाचावा. मुलाची नजर खिळली ती कड्याच्या भेगेत माथ्यापासून खालपर्यंत लोंबणाऱ्या प्रचंड मोहोळावर. मधमाश्यांच्या या राज्याचा आरंभ कुठे, अंत कुठे, या विचारात तो गढला. त्यातून मन ईश्वराच्या अनंत शक्तीपाशी पोचले आणि भान गेले.

म्हणजे शेवटी ईश्वरच ना, असे कोणी म्हणेल. होय, पण वाट कुतूहलाची होती. आणि सारे चौदाव्या वर्षीच गवसले असते, तर पुढे त्याने ब्राह्मसमाजात काय शोधले? तुम्ही देव पाहिला आहे का, असे रामकृष्णांना कशासाठी विचारले?

रायपूरचे खरे देणे तिथल्या बुढापारा वस्तीतल्या, दत्त कुटुंब राहत असलेल्या घरात आहे. गावात त्याच्या इयत्तेची शाळा नव्हती, म्हणून वडील विश्वनाथबाबू स्वतः शिकवत. तेही पाठांतरासाठी नव्हे. ते मुलाशी वाद घालत, त्याला स्वतःचे मत मांडायला लावत. घरी विद्वान मंडळी जमली की त्यांच्या चर्चेत त्यालाही जागा असे. बुद्धिबळ आणि स्वयंपाकही तो इथेच शिकला. चरित्रांत हे सारे चार ओळींत उरकते आणि मोहोळाला पाने मिळतात, हा उफराटा न्याय आहे.

आपल्याकडे संतचरित्रकार महिपतींनी १७६२ च्या 'भक्तविजया'त बाळ नामदेवाला नैवेद्यासाठी थेट विठ्ठलाशी हट्ट करू दिला. अलीकडच्या बालचरित्रांतली मुले मात्र फक्त डोळे मिटून बसतात. असे निर्दोष मूल पाहून खऱ्या मुलाला आपण कमी आहोत एवढेच वाटते.

रायपूरच्या मराठी पालकांना विनंती आहे. १२ जानेवारीला, विवेकानंद जयंतीला, मुलाच्या डोक्यावर भगवा फेटा जरूर बांधा. पण त्या संध्याकाळी पाहुणे आले की त्याला आत पिटाळू नका, त्यांच्याशी वाद घालू द्या.