काय वाचू राहिला, दादा?

हसनाबादला आमच्या मित्रांची एक जुनी खोड आहे. चहाच्या टपरीवर गाठ पडली, 'जय भीम' झाला, घरच्यांची खुशाली, पाऊसपाणी, कापसाचा भाव हे सगळे बोलून झाले की कुणीतरी विचारतोच, "काय वाचू राहिला, दादा?" प्रश्न आला की एखादा सावरून बसतो, एखादा मुकाट्याने कपातल्या चहाकडे बघत राहतो. आमच्यात एक जण एस.टी.त वाहक आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, एक जालन्याच्या सळईच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, एक दुसऱ्याची जमीन बटईने करणारा. चौघांचे शिक्षण वेगळे, खिसा वेगळा. पण हा प्रश्न चौघांना सारखाच विचारला जातो.

या खोडीला आम्ही कधी संघटनेचे नाव दिले नाही. फलक नाही, अध्यक्ष नाही, लेटरपॅड नाही. दोनशे पानी एक वही तेवढी आहे. कोणते पुस्तक कुणाकडे गेले आणि कधी परत आले, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. काही पुस्तके गेली ती गेलीच. त्यांच्यापुढची जागा अजून कोरी आहे. तरीही आमचे ठाम मत आहे की 'काय वाचतोस' हा गप्पांचा विषय नाही. तो चळवळीचा प्रश्न आहे, आणि आज आपण तो एकमेकांना विचारायचे सोडून दिले आहे.

आम्ही हे उगाच म्हणत नाही. आपल्या चळवळीचा इतिहासच पुस्तकाच्या देवघेवीपासून सुरू होतो. १८४७ च्या सुमारास पुण्यात तरुण जोतीराव फुले मित्रांच्या संगतीत थॉमस पेन यांचा 'राइट्स ऑफ मॅन' वाचत होते. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर ही त्या मित्रमंडळीतली नावे. माळ्याच्या घरातला एक तरुण आणि ब्राह्मणांच्या घरातले त्याचे मित्र माणसाच्या हक्कांची चर्चा करतात, ही त्या काळच्या पेशवाई वळणाच्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा उभी राहिली. एका पुस्तकाने शाळा काढली, असे आम्ही म्हणणार नाही. जोतीरावांनी अहमदनगरला मिशनची मुलींची शाळा पाहिली होती, आणि अपमानाचे चटकेही सोसले होते. पण त्या चटक्यांना 'हा माझ्या हक्काचा प्रश्न आहे' असे नाव मिळाले ते वाचनातून आणि मित्रांशी केलेल्या चर्चेतून. शाळांच्या कामात पुढे उभे राहिले तेही यातलेच मित्र.

दुसरे उदाहरण तर आपल्या घराघरात माहीत आहे. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन बसायचा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे त्याच्याकडे लक्ष गेले. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली. पुढे त्या मुलाच्या गौरवाच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना दादा केळुसकरांच्या या भेटीचा उल्लेख केला आहे. ते पुस्तक वाचून त्या मुलाने वडिलांनाच जाब विचारला, की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बौद्ध वाङ्मय का नाही? एका बाकावर झालेली ओळख, एक पुस्तक आणि त्यातून उठलेला एक प्रश्न. दीक्षाभूमीकडे जाणारी वाट अशी त्या बागेतून निघाली. केळुसकरांनी त्या दिवशी मुलाला नुसती शाबासकी देऊन घरी पाठवले असते तर?

आता आपण आपल्याकडे बघू या. बाबासाहेबांचे खंड आपल्या विहारात असतात. ते कपाटात असतात, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली पदाधिकाऱ्यांकडे असते. जयंतीला कपाट उघडते, खंडांवरची धूळ झटकली जाते, त्यांना पुष्प वाहिले जाते आणि पुन्हा कुलूप लागते. आम्ही अशा एका गावी गेलो असता 'खंड वाचायला द्याल का?' असे विचारले. उत्तर मिळाले, 'खराब होतील.' न वाचलेला ग्रंथ जसा खराब होतो, तसा वाचलेला होत नाही, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? त्याचीही चूक म्हणता येत नाही. त्याच्या जवळ एकच संच आहे आणि तो गेला तर दुसरा मिळेल याची शाश्वती नाही. शासनाने १९७९ पासून हे खंड काढले, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य झिजवले. पण पुढे छपाई अशी रखडली की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या राज्याने हे खंड काढले त्या राज्याला ते छापायला न्यायालयाने सांगावे लागते! तेव्हा शासनाला जाब विचारलाच पाहिजे. पण तोपर्यंत गावात जी एक प्रत आहे, ती चाळीस घरांत कशी फिरेल हे आपल्यालाच बघावे लागेल.

पुस्तक फिरले म्हणजे काम झाले असेही नाही. याचा एक अनुभव आमच्या मनाला अजून टोचतो. एका वर्षावासात एका विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी उपासक-उपासिका जमतात, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, ही आपली फार मोलाची प्रथा आहे. जी आजी कधी शाळेत गेली नाही तिच्या कानावरही ग्रंथ पडतो. त्या दिवशी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रकरण होते. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा, सिद्धार्थाचा युद्धाला विरोध आणि त्यातून त्याचे घर सोडणे, असे बाबासाहेबांनी तिथे मांडले आहे. वाचन संपले. तेवढ्यात अकरावीत शिकणारा एक मुलगा उठून म्हणाला, "मग आपल्या विहाराच्या भिंतीवर म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो, असं चित्र का आहे?"

सभेत शांतता पसरली. मग एक ज्येष्ठ म्हणाले, "बाळा, आधी नीट शिक, मग शंका काढ." काही जण हसले. 'साधू, साधू, साधू' झाले, खीर वाटली गेली आणि सगळे घरी गेले. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. आम्ही तिथेच बसलो होतो. आम्हाला उत्तर माहीत होते, तरी आम्ही गप्प राहिलो. ज्येष्ठांचा मान राखला असे तेव्हा वाटले. आज वाटते की त्या दिवशी आम्ही बाबासाहेबांचा मान राखला नाही.

कारण त्या मुलाने जो प्रश्न विचारला, तो बाबासाहेबांचाच प्रश्न होता! त्या ग्रंथाच्या परिचयातच त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. बुद्धाने परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये मूळ शिकवणीतली आहेत का? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म यांचे काय? आणि भिक्खू संघ कशासाठी निर्माण केला? वाचकांनी जागे व्हावे आणि उत्तरे शोधण्यात स्वतःचा वाटा उचलावा, ही अपेक्षाही त्यांनी तिथेच व्यक्त केली आहे. म्हणजे ज्याला आपण हसून खाली बसवले, तोच त्या सभेत ग्रंथ खऱ्या अर्थाने वाचत होता. बाकीचे आपण ऐकत होतो.

मराठवाड्यातल्या आपल्या लोकांना तर हे वेगळे सांगायला नको. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले. त्याला नाव मिळाले मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भदन्त नागसेन उत्तर देतात, तो ग्रंथ म्हणजे मिलिंदपञ्ह. राजा चर्चेला बसतो तेव्हा नागसेन आधी अट घालतात. पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर बोलू, राजासारखी करणार असाल तर नाही. पंडितांच्या चर्चेत एकाचे म्हणणे खोडले जाते, चूक दाखवली जाते, पण त्यावरून कुणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत मात्र विरोधात बोलणाऱ्याला शिक्षा होते. आपल्या वाचनाच्या बैठकीत आपण पंडित असतो की राजे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

याच नागसेनवनाच्या मातीत प्रा. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' वाढले. त्यांनी मेळावे भरवले ते लेखक-वाचकांचे. लिहिणारा व्यासपीठावर आणि वाचणारा सतरंजीवर, अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती. वाचकाला आपले मत असते, हे मानण्यातूनच त्यातले कित्येक वाचक पुढे लिहिते झाले.

आणि आपल्या बायाबापड्यांचे काय? 'काय वाचतेस?' असे आपण आपल्या घरातल्या बाईला कधी विचारले आहे का? फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे छोटे दुकान होते. माल बांधायला जी रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या, पण लिहिलेले वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवावे लागले. ते 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तकरूपाने आले १९८६ मध्ये. विचार करा, जिच्या हातून एवढे मोठे पुस्तक लिहून झाले, तिला आपण काय वाचतो आणि काय लिहितो हे स्वतःच्या घरात सांगायची सोय नव्हती. आमच्या टपरीवरच्या चौघांतही बाई नाही, हे आम्ही कबूल करतो. टपरी ही बायकांच्या बसण्याची जागा नाही, असे म्हणून आम्ही सुटका करून घेत होतो. आता बैठक महिन्यातून एकदा घराच्या ओट्यावर भरते. पहिल्याच वेळी गुरुजींच्या वहिनींनी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकाबद्दल सांगितले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा हा इतिहास १९८९ साली प्रसिद्ध झाला. आमच्यापैकी एकानेही तो वाचलेला नव्हता. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलंच नाही, भाऊ."

कुणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर येते, पुस्तक कशाला हवे? मोबाइलवर रोज सुविचार येतात, त्याखाली बाबासाहेबांचे नाव असते. ते वाक्य कोणत्या खंडात आहे, असे विचारले की पाठवणारा गप्प. न वाचता पुढे ढकललेले वाक्य आणि वाचून मित्राला सांगितलेले पुस्तक यांत फरक आहे. मित्राला पुस्तक सुचवताना आपण जबाबदारी घेतो. तो उद्या येऊन विचारणार असतो, 'दादा, हे तुला पटलं का?' आणि आपल्याला उत्तर द्यावे लागते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की राजकारणातली भक्ती हा अधःपतनाचा मार्ग आहे. भक्ताला पुस्तक लागत नाही, फोटो पुरतो. अनुयायाला मात्र पुस्तक लागते आणि ते ज्याच्याशी बोलता येईल असा मित्रही लागतो.

म्हणून आमची विनंती साधी आहे. तिला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. विहाराच्या कपाटाची किल्ली आणि देवघेवीची वही वस्तीतल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलीकडे द्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाल, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घ्यालच. ती आपली रीतच आहे. पण घेताना शेजाऱ्याने कोणते घेतले हे विचारा आणि वेगळे घ्या, म्हणजे गावात दोन होतील. मित्राला पुस्तक सांगताना नुसते 'चांगले आहे' म्हणू नका. काय पटले, काय अडले, तेही सांगा. आपल्याच बाजूचे तेवढे वाचू नका, विरोधकांचेही वाचा. बाबासाहेबांनी हिंदू धर्मशास्त्रे वाचली म्हणूनच ते त्यांच्याशी झुंजू शकले. मातंग, मुस्लिम, मराठा मित्र असेल तर त्यालाही बैठकीला बोलवा. जोतीरावांनी आपले मित्र जात पाहून निवडले नव्हते.

आमचे तालुक्याचे गाव भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत या भोगवर्धनची माणसे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी इतक्या दूरच्या स्तूपाला आपला वाटा दिला. ते धम्म ऐकायचे तो भाणकांच्या तोंडून. भाणक बुद्धवचन पाठ करायचे आणि दुसऱ्याला सांगायचे. एकाने दुसऱ्याला सांगितले नसते तर लिहून ठेवायला काही उरलेच नसते. त्या दानशूर माणसांची आपण लेकरे. आपण निदान एक वाचलेले पुस्तक तरी पुढे देऊ या.

अकरावीतला तो मुलगा आता कॉलेजला जातो. मागच्या महिन्यात तो हसनाबादच्या स्टँडवर भेटला. आम्हीच पुढे होऊन 'जय भीम' केला आणि म्हणालो, "तू त्या दिवशी बरोबर विचारलं होतं. आम्ही बोलायला पाहिजे होतं." तो काही बोलला नाही. जरा वेळाने पिशवीतून एक पुस्तक अर्धे बाहेर काढून म्हणाला, "तुम्ही काय वाचू राहिले, काका?"